गुरुवार, खंडेनवमी आणि फायरवॉल

आमच्या कारखान्याच्या नेटवर्कवर काही संशयास्पद दिसलं, तर काय करायचं हे आता बऱ्याच बाबतीत यंत्र ठरवतं. कोणाचा लॅपटॉप नेटवर्कपासून तोडायचा, कोणाचं खातं तात्पुरतं बंद करायचं, बाहेरचा कुठला इंटरनेट पत्ता अडवायचा, असे निर्णय. हे जमवून आणण्यात जवळजवळ वर्ष गेलं आणि त्यातला मॉडेलचा, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमचा, भाग सगळ्यात लहान निघाला. बाकीचा वेळ कशात गेला ते लिहितोय, कारण हल्ली पुण्यात दर दुसऱ्या कंपनीत हा विषय निघतो आणि विकायला येणारे लोक नेमकं तेवढंच सांगत नाहीत.

भोसरी एमआयडीसीत आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. प्रेस शॉप, मशीन शॉप, हीट ट्रीटमेंटची भट्टी, डिस्पॅच. ऑफिसात संगणक, शॉपफ्लोअरवर सीएनसी मशीन आणि मशीन चालवणारे छोटे संगणक, म्हणजे पीएलसी, आणि हे सगळं सांभाळायला आयटीतली आम्ही मोजकी माणसं. रात्रपाळीला एकच मुलगा. त्याच्या पडद्यावर फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी), ईडीआर (प्रत्येक संगणकावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि विंडोज सर्व्हर यांचे अलर्ट एकामागून एक पडत राहतात. तो उघडतो, बघतो, बंद करतो. पहाटे तीन वाजता शंभरावा अलर्ट कोणीही पहिल्याइतकं लक्ष देऊन वाचत नाही, त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

व्यवस्थापनाला पटवायला फार बोलावं लागलं नाही. पुण्यात सायबर सुरक्षेची बैठक असली की कॉसमॉस बँकेचं नाव निघतंच. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली आणि काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून हाँगकाँगला आणखी 13.92 कोटी गेले. एकूण आकडा सुमारे 94 कोटी. आमच्या प्लँट हेडनी एवढंच विचारलं, "शनिवारी दुपारी आपल्याकडे कोण असतं?" कोणी बोललं नाही. बजेट मंजूर झालं.

पहिली कल्पना अगदी सरळ होती. जुनी तिकिटं, म्हणजे एकेका अलर्टच्या नोंदी, काढायची, कोणत्या अलर्टवर आमच्या माणसांनी काय केलं ते मॉडेलला दाखवायचं आणि त्याला तसंच करायला शिकवायचं. तिकिटं काढली. नव्वद टक्क्यांच्या वर तिकिटांत शेरा एकच: "चेक्ड, ओके, क्लोज्ड." काय बघितलं, का ओके वाटलं, कोणाला फोन केला, यातलं एक अक्षर नाही. असल्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल एकच गोष्ट शिकणार, की काहीही आलं तरी ओके म्हणायचं; आणि आकड्यांत बघाल तर ते नव्वद टक्के बरोबरही ठरणार!

मग मॉडेल बाजूला ठेवलं आणि माणसांना विचारत सुटलो. रात्रपाळीच्या मुलाला विचारलं, "मध्यरात्रीनंतर बाहेरून एका सीएनसीवर रिमोट लॉगिन दिसतं, ते तू दर वेळी सोडून का देतोस?" तो म्हणाला, "सर, तो मशीन कंपनीचा माणूस असतो. परदेशातला. त्यांची संध्याकाळ असते तेव्हा." "तोच आहे हे कशावरून?" "मेंटेनन्सच्या काकांनी दिवसा सांगितलेलं असतं ना, आज रात्री तो येणार म्हणून." आणि काकांनी सांगितलं नसेल तर? तर तो काकांना फोन करतो. काकांनी उचलला नाही तर? "मग थोडा वेळ बघतो काय करतोय ते."

हा आमच्या नेटवर्कच्या बचावातला एक महत्त्वाचा निर्णय होता आणि तो कुठल्याही कागदावर नव्हता. असे कितीतरी निघाले. अकाउंट्समधल्या एका बाईंचं खातं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चुकीच्या पासवर्डमुळे लॉक होतं, कारण जुन्या एक्सेलमधल्या एका मॅक्रोत त्यांचा मागचा पासवर्ड अडकलेला आहे. डिस्पॅचचा एक संगणक रात्री अकराला मोठी फाइल बाहेर पाठवतो. ती ग्राहकाच्या पोर्टलवर जाणारी माल पाठवल्याची सूचना असते. हे सगळं ज्याच्या त्याच्या डोक्यात. आम्ही एक तक्ता केला: काय दिसतं, कोण बघतं, काय विचारतं, कोणाला विचारतं, शेवटी काय करतं. तो भरता भरता पावसाळा आला.

मधल्या काळात विक्रेते येऊन जात होते. एकाने दाखवलेल्या सादरीकरणात 99 टक्के अचूकता होती. कशावर तपासली म्हणून विचारलं, तर केडीडी 99 नावाच्या डेटासेटवर. हा डेटा म्हणजे 1998 साली अमेरिकेत हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल करून तयार केलेली रहदारी. त्यावर तेव्हापासूनच टीका होत आली आहे. भोसरीतल्या प्रेस शॉपचा त्याच्याशी काय संबंध?

शिवाय 99 टक्के हा आकडाच फसवा. स्टेफान अ‍ॅक्सेलसन या संशोधकाने 1999 मध्येच हे मांडलं होतं आणि गणित शाळेतल्या शतमानाचंच आहे. समजा दिवसाला 10 लाख नोंदी येतात आणि त्यात खऱ्या हल्ल्याच्या 10 आहेत. यंत्र शंभरातले 99 हल्ले पकडतं आणि निर्दोष नोंदींपैकी फक्त एक टक्क्यावर उगाच बोंब मारतं. म्हणजे खरे अलर्ट 10 आणि खोटे जवळजवळ 10,000. हजारातला एक खरा. खोट्याचं प्रमाण दहापट कमी करून 0.1 टक्क्यावर आणलंत, तरी शंभरातला एकच खरा. माणूस अलर्ट वाचत असेल तर हा नुसता ताप. पण यंत्र वाचून लगेच कृती करणार असेल, तर दर खऱ्या हल्लेखोरामागे आपलीच नव्याण्णव माणसं तोडली जाणार. आमच्या साहेबांना हे फळ्यावर करून दाखवलं. त्यानंतर "पूर्ण स्वयंचलित" हा शब्द बैठकीत कोणी काढला नाही.

शेवटी जे घेतलं त्यात दोन भाग होते. एक, आमच्या स्वतःच्या रहदारीवर शिकून नेहमीपेक्षा वेगळं काय ते सांगणारं मॉडेल. दुसरा, त्याचा निष्कर्ष, ईडीआरचा इशारा आणि आमच्या तक्त्यातले नियम एकत्र करून कृती सुचवणारा भाग. आधी बरेच महिने तो फक्त सुचवायचा. "मी असतो तर हा संगणक आत्ता तोडला असता," एवढी नोंद करायचा आणि गप्प बसायचा. आम्ही सकाळी त्या नोंदी वाचायचो. या काळात जे शिकायला मिळालं, ते कुठल्याही सादरीकरणात मिळालं नसतं.

पहिला घोळ गुरुवारचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार. वीज गेली की यूपीएसवर नसलेले सगळे नेटवर्क स्विच आणि संगणक एकदम गप्प होतात आणि आली की एकदम जागे होतात. जागे होताना प्रत्येक जण पत्ता मागतो, डोमेन कंट्रोलरला (सगळ्यांची लॉगिनं तपासणाऱ्या सर्व्हरला) हाक मारतो, जुन्या शेअर्ड ड्राइव्ह जोडायला धावतो. आतल्या आत पसरणारा व्हायरसही थोडाफार असाच दिसतो: थोड्या वेळात खूप यंत्रं एकमेकांशी बोलायला लागतात. दुपारी वीज आली आणि यंत्राने अर्धं स्टोअर्स तोडायची शिफारस केली. दोन-तीन गुरुवारांनी मॉडेल सरावलं आणि मग उलटीच काळजी लागली. गुरुवारी दुपारी आमचं यंत्र डोळे मिटतं, हे बाहेरच्याला कळलं तर? म्हणून गुरुवारची सूट काढली आणि त्याऐवजी यूपीएस आणि स्विचचे वीज गेल्या-आल्याचे संदेश त्याला पुरवले. वीज खरोखरच गेली होती हे दिसलं तरच सूट.

आषाढी वारीच्या पालख्या आल्या. माउलींची पालखी आळंदीहून दिघीच्या बाजूने जाते, तेव्हा आमच्या अंगाचे रस्ते बंद असतात. ऑफिसची बहुतेक मंडळी घरून काम करतात. व्हीपीएनवरची लॉगिनं एका सकाळीत कित्येक पटींनी वाढली, काही सासवडहून, काही चिंचवडहून, एक तर थेट वारीत चालता चालता मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. यंत्राने त्या भक्ताचं खातं बंद करायला सुचवलं, कारण त्याचा पत्ता सारखा बदलत होता. माणसाने दोन सेकंदांत सोडून दिलं असतं.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रांची पूजा. मशीन पुसून, हार घालून, हळद-कुंकू लावून बंद ठेवलेली असतात. नियंत्रणाच्या नेटवर्कवर एरवी दर सेकंदाला काही ना काही चालू असतं. पडदा पीएलसीला तापमान विचारतो, पीएलसी सांगतो. त्या दिवशी निम्म्याहून जास्त शॉपमध्ये शांतता. यंत्राच्या लेखी इतकी सगळी उपकरणं एकाच वेळी अबोल होणं म्हणजे घात. त्याची शिफारस होती ऑफिसचं नेटवर्क आणि शॉपफ्लोअर यांच्यामधला दुवा तोडायची. पुस्तकी अर्थाने ती चूक नव्हती. 2017 च्या जूनमध्ये नोटपेट्या हा घातक प्रोग्रॅम पसरला तेव्हा जगभरच्या कारखान्यांना आणि बंदरांना हेच वेळेत करता आलं असतं तर बरंच वाचलं असतं. मुंबईजवळच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनललाही तेव्हा झळ लागली होती. पण आमच्याकडे तेव्हा पेढे वाटणं चालू होतं.

दुवा तोडण्याच्या त्या शिफारशीवरून मेंटेनन्सचे काका भडकले. मी म्हटलं, "काका, पीएलसी तर स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतच राहतो ना? नेटवर्क तोडल्याने भट्टी बंद पडत नाही." ते म्हणाले, "बंद पडत नाही हेच तर! भट्टी चालू आणि माझा पडदा आंधळा. आत 900 अंश आहे का 950, मला दिसत नाही. त्यापेक्षा बंद पाडा एकदाची." आमच्या तक्त्यात तोवर "तोडणं" ही सगळ्यात सुरक्षित कृती धरली होती. शॉपफ्लोअरच्या बाबतीत तसं नाही, हे भट्टीपाशी उभा राहणारा माणूसच सांगू शकत होता.

याच सुमारास माझा भाचा मदतीला आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संरक्षण संशोधनातल्या सहकार्यातून 2021 पासून केज नावाच्या स्पर्धा झाल्या, त्यातलं एक खोटं नेटवर्क त्याने लॅपटॉपवर चढवलं होतं. तेरा यंत्रं, एक हल्लेखोर प्रोग्रॅम, एक बचाव करणारा. बचाव करणारा खेळत खेळत गुणांवरून शिकतो. साध्या संगणकाचा ताबा गेला तर प्रत्येक खेपेला 0.1 गुण वजा, सर्व्हरचा गेला तर 1, सगळ्यात महत्त्वाचा सर्व्हर बंद पाडला गेला तर 10. आणि बचाव करणाऱ्याने एखादं यंत्र पुसून नव्याने उभं केलं तर त्याचाही 1 गुण जातो, कारण तेवढा वेळ काम थांबतं.

"मामा, तुझ्याकडे हा शेवटचा आकडा किती?" त्याने विचारलं. "एक लॅपटॉप पुसण्याची किंमत आणि भट्टीचा पडदा जाण्याची किंमत, कितीला किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कंपनीत कोणाकडेच नव्हतं. अलर्ट किती खात्रीचा आहे याचा आकडा यंत्र देत होतं आणि आम्ही तेवढ्यावरच कृती बेतत होतो: 90 च्या वर तोडा, 70 च्या वर विचारा. भाच्याच्या प्रश्नानंतर हे मोडलं. डार्पा या अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने 2016 च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासला सात संगणक प्रणालींची माणसाविना स्पर्धा घेतली होती, मेहेम नावाच्या प्रणालीने 20 लाख डॉलर जिंकले, तिथेही हाच काटा होता. दुरुस्ती बसवायची तर सेवा काही काळ खाली जाणार आणि त्याचे गुण कापले जाणार. त्यामुळे सुरक्षेतलं भोक दिसलं की लगेच बुजवा, हे धोरण तिथे परवडत नव्हतं. आमच्या तक्त्यात दोन नवे रकाने आले: चुकीने केलं तर नुकसान किती, आणि परत किती वेळात फिरवता येईल.

दुसरा रकाना भरताना सगळ्यांचं पटापट एकमत झालं, पहिल्याला मात्र भांडणं झाली. स्टोअर्सचं म्हणणं त्यांचा संगणक सगळ्यात महत्त्वाचा, डिस्पॅचचं म्हणणं त्यांचा. ती भांडणं इथे लिहीत नाही. सांगण्यासारखं एवढंच, की या बैठकीला आयटीपेक्षा उत्पादनाची माणसं जास्त होती आणि तशीच हवीत.

जे ठरलं ते असं. ऑफिसातला लॅपटॉप यंत्राने विचारल्याशिवाय तोडावा. माणूस फोन करेल आणि पाच मिनिटांत जोडता येतो. बाहेरचा पत्ता अडवावा, पण अर्ध्या तासापुरता. तेवढ्यात माणसाने बंदी कायम केली नाही तर ती आपोआप उठते. खातं बंद करावं, पण प्रशासकाची खाती सोडून. डोमेन कंट्रोलर, ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस आणि शॉपफ्लोअरचं काहीही, याला हात लावायचा नाही, फक्त माणसाला उठवायचं. आणि तासाभरात ठरावीक मर्यादेपलीकडे संगणक तोडायची वेळ आली तर यंत्राने स्वतः थांबायचं. इतके संगणक खरंच बाधित असतील तर माणूस लागणारच आहे, आणि नसतील तर यंत्राचंच काहीतरी बिघडलंय.

अर्ध्या तासाच्या बंदीमागे आणखी एक कारण आहे. आपोआप अडवणारं यंत्र हल्लेखोरालाही वापरता येतं. नेटवर्कवरून माहिती ज्या छोट्या पाकिटांतून जाते, त्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता टाकणं काही प्रकारच्या रहदारीत अवघड नसतं. त्याने आमच्या ग्राहकाच्या सर्व्हरचा पत्ता टाकून आमच्याकडे हल्ल्यासारखी पाकिटं फेकली, की आमचंच यंत्र ग्राहकाला दार बंद करणार. हा प्रकार आपोआप अडवणाऱ्या यंत्रणांइतकाच जुना आहे. त्यामुळे ग्राहक, बँक आणि नावं शोधून देणारे डीएनएस सर्व्हर यांची कधीच न अडवायची यादी वेगळी.

मजकूर वाचून सारांश लिहिणारं एक भाषा मॉडेलही आम्ही जोडलं आहे, त्याच्याबद्दलही असंच. अलर्टमधल्या डझनभर नोंदी वाचून चार ओळींत काय झालं ते सांगायला ते उत्तम, रात्रपाळीचा मुलगा त्याच्यावर खूश आहे. पण लॉगमधला, म्हणजे यंत्रणांच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमधला, बराच मजकूर बाहेरच्याने लिहिलेला असतो. ब्राउझर आपली ओळख सांगतो त्या जागी, फाइलच्या नावात, ईमेलच्या विषयात. तिथे कोणी लिहून ठेवलं, की ही नेहमीची चाचणी आहे, अलर्ट बंद करावा, तर मॉडेल ते सूचना म्हणून ऐकू शकतं. भाच्याने चाचणीच्या सर्व्हरवर करून दाखवलं. एका वेळी ऐकलं, एका वेळी नाही, आणि हे कधी ऐकतं कधी नाही हेच जास्त वाईट. म्हणून सारांश लिहिणाऱ्याकडे तोडण्याची किंवा अलर्ट मिटवण्याची किल्ली नाही.

यंत्र चालू केलं त्यानंतरची पहिली खरी घटना परचेसमधली. सप्लायरचं कोटेशन म्हणून आलेली फाइल, तिने मागच्या बाजूला पॉवरशेल (विंडोजला थेट आज्ञा देण्याचं साधन) उघडलं, त्यात सहज वाचता येऊ नये अशी गुंडाळून टाकलेली आज्ञा, आणि लगेच ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड वाचायचा प्रयत्न. लॅपटॉप मिनिटाच्या आत तुटला. परचेसच्या मॅडम तावातावाने आल्या, "अहो, माझा कस्टमरबरोबर कॉल चालू होता! काय चाललंय तुमचं?" त्यांना पडदा दाखवला. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरं, पण मग मला दुसरा लॅपटॉप द्या ना आत्ता." हे आमच्या तक्त्यात नव्हतं. तोडायचं सगळं ठरवलं होतं, तोडलेल्या माणसाने पुढचे दोन तास कशावर काम करायचं ते ठरवलं नव्हतं. आता दोन तयार लॅपटॉप कपाटात असतात.

शेवटचा गुंता कायद्याचा निघाला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश आहेत: घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवायची आणि लॉग 180 दिवस ठेवायचे. लॉगची सोय झाली. पण लक्षात आल्यापासून म्हणजे कोणाच्या? यंत्राने रात्री दोनला ओळखलं, तोडलं आणि प्रकरण मिटवलं, आणि माणसाने सकाळी नऊला वाचलं, तर घड्याळ दोनला सुरू झालं की नऊला? आमच्या सल्लागारांनी सांगितलं, वाद घालत बसू नका, यंत्राची वेळ धरा. वाद घालायला जागा आहे असं मला अजूनही वाटतं, पण नोटीस आल्यावर तो घालण्यापेक्षा हे बरं.

त्याचा परिणाम असा, की यंत्राने स्वतःहून केलेली प्रत्येक मोठी कृती अर्ध्या तासात एका माणसाने वाचायची आणि कळवायची की नाही ते लिहायचं, कारणासकट. "चेक्ड, ओके" चालत नाही, तो रकाना तेवढ्यावर जतनच होत नाही. हे सगळं सुरू करताना वरच्या काही जणांचा हिशेब होता, की रात्रपाळी बंद करता येईल. ती बंद झाली नाही. उलट त्या मुलाने आता मागणी केली आहे, की मेंटेनन्सच्या काकांचा रात्रीचा दुसरा नंबर तक्त्यात घाला, आणि तो न उचलल्यास रिमोट लॉगिन तोडायचा अधिकार त्याला लेखी द्या. मी तशी नोंद तयार केली आहे. काकांची सही व्हायची आहे.